रुमालात बांधलेले पाच डॉलर

पहिला दिवस : वॉशिंग्टन

लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले होते. पाहण्यासारखं म्हणतात ते सगळं पाहून झालं होतं. ऑक्टोबर लागला, नातीला जोडून सुट्टी मिळाली, तेव्हा लेक म्हणाली, "आई, आता तू सांग कुठं जायचं." मी नाव सांगितलं. ते तिनं दोनदा विचारून घेतलं. मेरी मॅक्लाउड बेथून.

हे नाव मी पहिल्यांदा डी.एड.ला असताना ऐकलं. आमच्या एका सरांनी वर्गात सांगितलं होतं, की अमेरिकेत गुलाम आईबापांच्या पोटी आलेल्या एका मुलीनं दीड डॉलर आणि पाच विद्यार्थिनींवर शाळा काढली. तो दीड डॉलर डोक्यात घट्ट बसला. पुढे वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी एकतीस वर्षं शिकवलं, शेवटची बारा वर्षं मुख्याध्यापिका होते. शाळेला अनुदान नव्हतं त्या काळात वर्गखोल्यांसाठी पावतीबुक घेऊन गावोगाव फिरले. एका श्रीमंत घरच्या ओट्यावर दोन तास बसवून ठेवलं आणि मग आतूनच आवाज आला, "ए बाई, काय पाहिजे?" एकशे एक रुपयांची पावती फाडून घरी आले आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. तेव्हापासून बेथूनबाईंबद्दल मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. दीड डॉलरच्या शाळेचं आज विद्यापीठ झालंय, म्हणजे या बाईंनी आयुष्यभर लोकांकडे पैसे मागितले असणार. ते मागितले कसे?

सुरुवात लिंकन पार्कपासून केली. कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनाच्या पूर्वेला, जुन्या विटांच्या घरांमध्ये वसलेली ही बाग. सकाळी लोक कुत्री फिरवत होते, बाबागाड्या ढकलत होते. एका टोकाला १८७६ सालचा पुतळा आहे. लिंकन उभे आहेत आणि त्यांच्या पायाशी, साखळ्या तुटलेला एक कृष्णवर्णी माणूस गुडघ्यावर आहे. या पुतळ्याचे पैसे मुक्त झालेल्या गुलामांनी जमवले. शार्लट स्कॉट नावाच्या बाईनं स्वतंत्र झाल्यावर कमावलेले पहिले पाच डॉलर दिले, तिथून हा निधी सुरू झाला. पण पुतळा कसा घडवायचा हे त्यांना कुणी विचारलं नाही. पैसे ज्यांचे, तेच पुतळ्यात गुडघ्यावर. मला तिथं फार वेळ उभं राहवलं नाही.

हा पुतळा उभा राहण्याच्या तीनच वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. इकडची गोष्ट आपल्याकडे तेव्हाच पोचली होती. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पुण्यातून? तेव्हा इंटरनेट नव्हतं ना आजी?"

बागेच्या दुसऱ्या टोकाला बेथूनबाई उभ्या आहेत. हा पुतळा १० जुलै १९७४ चा, त्यांच्या नव्याण्णवाव्या जन्मदिवसाचा. राजधानीतल्या सार्वजनिक बागेत उभारलेला कृष्णवर्णी स्त्रीचा हा पहिला पुतळा. एका हातात काठी, दुसरा हात पुढे केलेला, त्या हातातली गुंडाळी एक मुलगा आणि एक मुलगी घेताहेत. तो बसवताना लिंकनचा पुतळा फिरवून त्याचं तोंड बाईंकडे केलं. मी दोनदा त्या टोकापासून या टोकापर्यंत चालून बघितलं. खरंच, लिंकन बाईंकडे बघताहेत.

चौथऱ्यावर त्यांच्या मृत्युपत्रातली वाक्यं कोरली आहेत. हे मृत्युपत्र त्यांनी आपल्या लोकांसाठी लिहिलं आणि १९५५ मध्ये, त्या गेल्यावर, एका मासिकात छापून आलं. नात मोठ्यानं वाचत चौथऱ्याभोवती फिरली आणि मी तिच्यामागे मराठी करत गेले. मी तुमच्यासाठी प्रेम ठेवून जाते. आशा ठेवून जाते. एकमेकांवर विश्वास ठेवण्याचं आव्हान ठेवून जाते. शिक्षणाची तहान ठेवून जाते. एक फेरी पूर्ण झाल्यावर नात म्हणाली, "आजी, मृत्युपत्रात तर घर आणि पैसे असतात ना?" त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

संध्याकाळी १३१८, व्हर्माँट ॲव्हेन्यू. १९३५ मध्ये बाईंनी कृष्णवर्णी स्त्रियांच्या संघटनांची एक राष्ट्रीय परिषद स्थापन केली, तिचं हे जुनं मुख्यालय. १९४३ मध्ये साडेपंधरा हजार डॉलरना घेतलेलं. वेळ टळून गेली होती, दार बंद होतं. रांगेतल्या इतर घरांसारखंच उंच, अरुंद घर. मी पायऱ्यांवर हात ठेवून आले.

दुसरा दिवस : कॅपिटॉल

आज फार काही लिहायचं नाही. कॅपिटॉलमधल्या पुतळ्यांच्या दालनात प्रत्येक राज्याला दोन पुतळे ठेवता येतात. फ्लोरिडाच्या दोन जागांपैकी एकीवर १९२२ पासून एक सेनापती उभा होता, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा. जुलै २०२२ मध्ये त्याच्या जागी बेथूनबाई आल्या. कुठल्याही राज्यानं आपल्यातर्फे इथं बसवलेला हा पहिला कृष्णवर्णी पुतळा.

अकरा फुटी, पांढऱ्याशुभ्र इटालियन संगमरवरातला. अंगात पदवीदानाचा झगा, डोक्यावर टोपी, हातात गुलाब, आणि तो गुलाब तेवढा काळ्या दगडाचा. बाईंनी युरोपच्या प्रवासात काळे गुलाब पाहिले आणि ते त्यांच्या मनात भरले. पुढे आपल्या विद्यार्थ्यांना त्या 'माझे काळे गुलाब' म्हणायच्या. खाली त्यांचं वाक्य आहे. माणसाच्या आत्म्यात गुंतवणूक करा, कुणास ठाऊक, तो पैलू न पाडलेला हिरा निघायचा.

आमच्या शाळेत दरवर्षी दोन-चार तरी अशी मुलं यायची. त्यातली निम्मी सातवीनंतर वेचणीला गेली.

तिसरा दिवस : गाडीत

दिवसभर दक्षिणेकडे. व्हर्जिनिया, मग नॉर्थ कॅरोलायना, मग साउथ कॅरोलायना. थांबत थांबत नऊ तास. मी नातीला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली आगगाडीतली. दक्षिणेत त्या काळी गोरे लोक कृष्णवर्णी बाईला 'मिसेस' म्हणत नसत. तरुण असली तर नुसतं नाव, वय झालेलं असलं तर 'आंटी'. त्यात माया नव्हती, तिला आडनावाचा मान द्यायचा नाही म्हणून ती युक्ती होती. एकदा तिकीट तपासणारा बेथूनबाईंना म्हणाला, "आंटी, तिकीट दाखव." बाईंनी वर बघून शांतपणे विचारलं, "तू माझ्या कोणत्या बहिणीचा मुलगा?"

दुसरी १९३८ ची, अलाबामातल्या बर्मिंगहॅमची. दक्षिणेतले गोरे आणि कृष्णवर्णी लोक एका परिषदेला जमले होते. शहराच्या कायद्याप्रमाणे दोघांनी वेगळं बसायचं होतं, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनोर रूझवेल्ट यांनी आपली खुर्ची उचलून मधल्या वाटेत ठेवली, ही हकीकत पुष्कळांना माहीत असते. त्याच परिषदेत अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईंनी हाक मारली, "मेरी, व्यासपीठावर येतेस का?" बाई म्हणाल्या, "माझं नाव मिसेस बेथून." आणि अध्यक्षबाईंना भर सभेत 'मिसेस बेथून' म्हणावं लागलं. त्या वेळी बाई वॉशिंग्टनमध्ये तरुणांसाठीच्या सरकारी रोजगार योजनेत कृष्णवर्णी विभागाच्या प्रमुख होत्या. इतक्या वरच्या जागेवरच्या बाईलाही 'अगं मेरी'.

आपल्या भाषेत मावशी हा शब्द केवढा मायेचा. आमच्या शाळेत झाडलोट करायला, पाणी भरायला एक बाई होत्या, त्यांना आम्ही सगळेच मावशी म्हणायचो. शिक्षक, पोरं, गावकरी, सगळे. हजेरीपटावर नाव होतं, पण सात वर्षं शिकून बाहेर पडणाऱ्या पोराला ते ठाऊक नसायचं. नातीला गोष्ट सांगता सांगता हे आठवलं आणि पुढे कितीतरी वेळ मी खिडकीबाहेर बघत राहिले.

चौथा दिवस : मेझव्हिल

सकाळी हॉटेलातून निघालो आणि वीस मिनिटांतच मी लेकीला गाडी बाजूला घ्यायला लावली. दोन्हीकडे पांढरं शेत. कापूस! माझं माहेर हिंगणघाटकडचं, पऱ्हाटी बघून मी थांबणार नाही तर काय.

रस्त्याकडेच्या झाडाशी वाकले. पानं सगळी गळलेली. यंत्रानं वेचता यावं म्हणून इथं फवारणी करून पानं झाडतात. बोंड तसंच, आपल्यासारखं. चार-पाच पाकळ्यांत कापूस फुटून बाहेर आलेला आणि वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी. नातीनं उत्साहानं बोंड ओढलं आणि "आई गं" करून बोट तोंडात घातलं. नखाच्या कडेला बारीक ओरखडा उठला होता. मी तिला दाखवलं, तीन बोटांनी मुळापासून धरायचं, पिळायचं नाही, ओढायचं. कापूस सुटला की हाताला आतली सरकी लागते. तिनं सरकी चाचपून बघितली आणि मुठीत ठेवली. शेतात माणूस एकही नव्हता. बांधाला पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पुरुषभर उंचीच्या गोल गाठी ओळीनं पडल्या होत्या.

१० जुलै १८७५ ला याच शिवारात मेरीचा जन्म झाला, गुलामगिरी संपल्याला दहा वर्षं झाली होती. सॅम्युएल आणि पॅट्सी मॅक्लाउड यांच्या सतरा मुलांतली ही पंधरावी. आईबाप दोघंही गुलाम म्हणून राबलेले. सुटका झाल्यावरही आईनं जुन्या मालकाकडे काम केलं, पैसे साठवले आणि नवराबायकोनं पाच एकर जमीन घेतली. सतरा मुलं आणि पाच एकर कापूस.

सांगतात, की नऊ वर्षांची मेरी दिवसाला अडीचशे पौंड कापूस वेचायची. अडीचशे पौंड म्हणजे एकशे तेरा किलो. मी वेचणी केलेली आहे. आमच्याकडची तरबेज बाईसुद्धा दिवसभरात एवढी मजल मारत नाही, तेव्हा हा आकडा सांगता सांगता वाढला असावा असं मला वाटतं. पण पाठ वाकून भरून यायची, कमरेची झोळी ओढत न्यावी लागायची, बोटं सोलवटायची, हे खरंच असणार. त्याला आकड्याची गरज नाही.

आई गोऱ्यांकडचे कपडे धुवायची. एकदा मेरी आईबरोबर मालकांच्या घरी गेली. तिथं मुलांच्या खेळण्याच्या खोलीत एक पुस्तक पडलं होतं. तिनं ते उचललं, तशी त्या घरची मुलगी म्हणाली, "खाली ठेव ते, तुला वाचता येत नाही." पुढे आयुष्यभर बाई हा प्रसंग सांगत राहिल्या. गोऱ्यांत आणि आपल्यात फरक कशाचा, तर अक्षरांचा, हे त्या पोरीच्या मनानं त्या दिवशी घेतलं.

मग एमा विल्सन आल्या. मेझव्हिलमध्ये मिशनची एक खोलीची शाळा काढलेल्या कृष्णवर्णी शिक्षिका, घरोघर जाऊन मुलं गोळा करायच्या. मॅक्लाउडांच्या घरातून शेतकामातून एकच मूल मोकळं करणं शक्य होतं. मेरीची निवड झाली. जायला पाच मैल, यायला पाच मैल. शाळेतून आली की ती भावंडांना शिकवायची.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं. मेरीला आकडे यायला लागले तसे आजूबाजूचे शेतकरी कापूस विकायला जाताना तिला बोलवायला लागले. काट्यावर किती भरलं, हिशेबात किती लिहिलं, ते ती वाचून सांगायची. तोवर व्यापारी सांगेल ते वजन, म्हणेल तो भाव. काटा मारणं म्हणजे काय हे विदर्भातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. शिक्षणाचा उपयोग काय असं मला पालक विचारायचे, तेव्हा मी नोकरीचं सांगत बसायचे. काट्यापाशी उभी असलेली दहा-बारा वर्षांची पोर मला माहीत असती तर तिचीच गोष्ट सांगितली असती.

गाव आज अगदी लहान, हजार माणसांचंही नाही. ज्या लाकडी घरात त्या जन्मल्या ते आता नाही. रस्त्याच्या कडेला सरकारी माहितीफलक आहे. त्याच्या जवळ आम्ही डबा उघडून पराठे खाल्ले. समोरून ट्रॅक्टरवर एक आजोबा गेले, त्यांनी टोपीला हात लावला.

इथून पुढचं शिक्षण एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पैशावर झालं. डेन्व्हरच्या मेरी क्रिसमन यांनी आपल्या कमाईतून एका कृष्णवर्णी मुलीची फी भरायचं ठरवलं आणि एमा विल्सन यांनी त्यासाठी मेरीचं नाव दिलं. १८८८ ते १८९४ नॉर्थ कॅरोलायनात स्कॉशिया सेमिनरी, मग शिकागोत मिशनरी होण्याचं शिक्षण. आफ्रिकेत जायचं स्वप्न होतं. अर्ज केला तर उत्तर आलं, कृष्णवर्णी मिशनऱ्यांसाठी तिकडे जागा नाही. म्हणून त्या दक्षिणेतच राहिल्या, शाळांमधून शिकवलं, लग्न झालं, मुलगा झाला. मिशनच्या त्या नकारामुळेच फ्लोरिडाला ही बाई मिळाली.

दुपारी निघून रात्री फ्लोरिडातल्या डेटोनाला पोचलो.

पाचवा दिवस : डेटोना बीच

आजच्या दिवसासाठीच मी आले होते.

१९०४ मध्ये बेथूनबाई मुलाला, लहानग्या अल्बर्टला घेऊन इथं आल्या. रेल्वेच्या कामावर राबणाऱ्या कृष्णवर्णी मजुरांच्या वस्त्या इथं वाढत होत्या आणि त्यांच्या मुलींना शाळा नव्हती. जवळ दीड डॉलर. महिना अकरा डॉलर भाड्यानं एक छोटं घर घेतलं. फेकून दिलेल्या खोक्यांची बाकं केली. जळक्या लाकडाच्या ढलप्यांच्या पेन्सिली, जांभळ्या रसाची फळं चुरडून शाई. ३ ऑक्टोबरला शाळा उघडली, पाच मुली आणि स्वतःचा मुलगा. फी आठवड्याला पन्नास सेंट. दोन वर्षांत पट अडीचशेच्या घरात गेला. पट टिकवण्यासाठी आम्ही जूनमध्ये उन्हातान्हात घरोघर फिरायचो, म्हणून हा आकडा वाचून मी चालता चालता थांबलेच.

विद्यापीठाचं आवार मोकळं आहे, मोठाल्या झाडांचं. मुलंमुली पाठीवर पिशव्या टाकून चालली होती. दोघींनी माझ्याकडे बघून "गुड मॉर्निंग, मॅम" म्हटलं, थांबून म्हटलं. १९१६ ची व्हाइट हॉल ही जुनी विटांची इमारत समोर आली. दारावर बोधवाक्य : शिकायला आत या, सेवा करायला बाहेर पडा.

जमिनीची गोष्ट मी नातीला तिथंच पायऱ्यांवर बसून सांगितली. भाड्याचं घर पुरेना तेव्हा बाईंची नजर एका उकिरड्यावर गेली. सगळं गाव तिथं कचरा टाकायचं, लोक त्या जागेला 'नरकाचं भोक' म्हणायचे. मालकानं अडीचशे डॉलर सांगितले, पाच डॉलर विसार. बाईंकडे पाचही नव्हते. त्यांनी आणि मुलींनी रताळ्याचे 'पाय' (पिठाच्या पारीत गोड सारण भरून भाजायचा पदार्थ) भाजले, आइस्क्रीम केलं, मजुरांना विकलं. जमलेली चिल्लर रुमालात बांधून त्यांनी मालकापुढे ठेवली. सेंट, निकल, डाइम. तो विसार होता.

माझ्या पहिल्या वर्गखोलीचा पाया कुरड्या-पापड्यांच्या पैशातून भरला गेला. गावच्या बायांनी उन्हाळाभर केल्या, मी वर्ध्याला नेऊन विकल्या. ते पैसे मी स्टीलच्या डब्यात नेले होते. मला तो रुमाल डोळ्यांपुढे दिसत होता, कुठल्या कपड्याचा असेल, गाठ किती घट्ट असेल.

आणि मग मागण्याची गोष्ट. डेटोनाला हिवाळ्यात उत्तरेचे धनिक यायचे. बाई जुन्या सायकलवरून त्यांच्या दारी जायच्या, मुलींना हॉटेलांत गाणी म्हणायला न्यायच्या, मग उठून शाळेबद्दल बोलायच्या. जेम्स गॅम्बल, साबणाच्या प्रसिद्ध कंपनीचे भागीदार, यांना त्यांनी पत्र लिहिलं, पण देणगी द्या असं लिहिलं नाही. आमच्या शाळेचे विश्वस्त व्हा, असं लिहिलं. ते आले. बघतात तर मोडकं घर आणि खोकी. त्यांनी विचारलं, "ज्या शाळेचा मी विश्वस्त व्हायचं म्हणता, ती कुठंय?" बाई म्हणाल्या, "माझ्या मनात आणि माझ्या आत्म्यात." गॅम्बल अखेरपर्यंत विश्वस्त राहिले. दुसरे थॉमस व्हाइट, शिलाई यंत्रांचे कारखानदार. त्यांना शाळेत एक जुनाट यंत्र दिसलं, तेही प्रतिस्पर्धी कंपनीचं. परत आले ते नवीन यंत्र आणि गवंडी घेऊन. आज मी ज्या पायऱ्यांवर बसले होते त्या इमारतीला त्यांचंच नाव आहे.

रविवारी दुपारी शाळेत सभा व्हायची, गाणी, प्रार्थना, भाषण. गोरे पाहुणे गाड्यांतून यायचे. साऱ्या दक्षिणेत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या खुर्च्या वेगळ्या ठेवायचा रिवाज होता. बाईंच्या सभागृहात तो चालला नाही. जो येईल त्यानं मोकळी दिसेल त्या खुर्चीवर बसायचं, मग तो कितीही मोठा देणगीदार असो.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. मी ओट्यावर बसून वाट बघितली होती. बाई देणाऱ्याला आपल्या घरी बोलवायच्या, विश्वस्ताची खुर्ची द्यायच्या, शेजारी बसवायच्या. पैसे शाळेला हवे होते, म्हणून त्यांना स्वतःला लाज वाटायचं कारण नव्हतं. एवढी साधी गोष्ट मला बारा वर्षांत सुचली नाही.

१९११ च्या सुमारास एका मुलीचं पोट दुखायला लागलं, अपेंडिक्स होतं. जवळच्या गोऱ्यांच्या दवाखान्यात नेलं तर तिला मागच्या पडवीत ठेवलं. बाईंनी दोन खाटांचा दवाखाना शाळेतच काढला, आईबापांच्या नावानं. बायकांना मताचा हक्क मिळाल्यानंतरच्या एका निवडणुकीच्या आदल्या रात्री कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या दहशत घालणाऱ्या संघटनेचे बुरखेधारी आवारात घुसले, कृष्णवर्णीयांनी मतदानाला जाऊ नये म्हणून. बाईंनी सगळे दिवे लावायला सांगितले. मुली भजनं म्हणायला लागल्या. बुरखेवाले निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी बाई आपल्या लोकांना घेऊन मतदानकेंद्रावर रांगेत उभ्या राहिल्या.

आवाराला लागूनच त्यांचं घर आहे, पांढरं, दुमजली लाकडी. दाखवायला साठीच्या एक बाई होत्या, इथल्याच माजी विद्यार्थिनी. त्या संबंध वेळ 'डॉक्टर बेथून' म्हणत होत्या, एकदाही नुसतं मेरी नाही. वरच्या मजल्यावर एलिनोर रूझवेल्ट मुक्कामाला यायच्या ती खोली आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट वारल्यावर एलिनोरबाईंनी त्यांची काठी बेथूनबाईंना भेट दिली, लिंकन पार्कातल्या पुतळ्याच्या हातात आहे तीच. मला त्यांच्या टेबलापाशी जास्त वेळ थांबावंसं वाटलं. इथून गेलेल्या पत्रांनी किती इमारती उभ्या केल्या! १९२३ मध्ये जॅक्सनव्हिलची कुकमन संस्था यात मिळाली आणि मुलींची शाळा सगळ्यांचं कॉलेज झाली. २००७ मध्ये विद्यापीठ.

नातीनं दाखवणाऱ्या बाईंना विचारलं, "हे घर त्यांनी कुणाला दिलं?" त्या म्हणाल्या, हयात असतानाच, १९५३ मध्ये, याचं फाउंडेशन केलं. नात माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणून मृत्युपत्रात नव्हतं."

मागे अंगणात समाधी आहे. १८ मे १९५५ ला याच घरात त्या गेल्या. दगडावर शब्द आहे 'मदर'. ऊन उतरलं होतं. मी चप्पल काढून नमस्कार केला. दाखवणाऱ्या बाई बाजूला हात जोडून उभ्या होत्या, माझं बघून त्यांनी जोडले की त्यांचीही तशी रीत आहे, मी विचारलं नाही.

सहावा दिवस : हॉवर्ड थर्मन यांचं घर आणि समुद्र

सकाळी एक लहानसं दुमजली घर बाहेरून बघितलं. हॉवर्ड थर्मन यांचं लहानपणीचं घर. डेटोनाच्या याच वस्तीत, बेथूनबाईंची शाळा वाढताना बघत हा मुलगा मोठा झाला, पुढे मोठा धर्मचिंतक झाला. फेब्रुवारी १९३६ मध्ये ते पत्नीसह बारडोलीला गांधीजींना भेटले, तेव्हा गांधीजींनीच त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले, गुलामगिरीबद्दल, मतदानाबद्दल, शाळांबद्दल. पुढच्या दोन-तीन महिन्यांतच गांधीजी आमच्या वर्ध्याजवळ शेगावला राहायला आले, ज्याला आता सेवाग्राम म्हणतात. १९५५ मध्ये बेथूनबाईंच्या अंत्यविधीला थर्मनच बोलले. सेवाग्रामची बापू कुटी मी शंभरदा तरी पाहिली असेल, पण तिकडून इथवर असा धागा येतो हे माहीत नव्हतं.

मग रताळ्याचा पाय घ्यायला एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं खोक्यावर लिहायला नाव विचारलं. एरवी अशा ठिकाणी लेक घाईत माझं काहीतरी दोन अक्षरी नाव सांगते. आज मी पुढे झाले आणि नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव सावकाश सांगितलं. तिनं दोनदा विचारून घेतलं आणि एक-एक अक्षर लिहिलं.

दक्षिणेला न्यू स्मर्नाच्याही पुढे बेथून बीच आहे. डेटोनाचा समुद्रकिनारा जगात प्रसिद्ध, पण बाईंच्या विद्यार्थ्यांना तिथं पाण्यात उतरायची बंदी होती. गोऱ्यांच्या मुलांना सांभाळायला आलेल्या आया तेवढ्या वाळूवर चालायच्या. १९४५ मध्ये, सत्तरीच्या बाईंनी काही सहकाऱ्यांना घेऊन अडीच मैलांची किनारपट्टी विकत घेतली, आपल्या लोकांना समुद्रात जाता यावं म्हणून. त्याच वर्षी त्या सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेच्या परिषदेतही होत्या. मला या दोन्ही गोष्टी सारख्याच मोठ्या वाटतात.

आता तिथं एक छोटी सार्वजनिक बाग आहे, भोवती बंगले. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून उतरलो. वारा जोराचा. रताळ्याचा पाय अजून कोमट होता, वर दालचिनीचा वास, आत रताळं इतकं मऊ, की चमचा आपोआप बुडत होता. उपासाला आम्ही रताळ्याचा कीस करतो, काप करतो, पण हे वेगळंच. लेक म्हणाली, "आई, हा विकून कुणी शाळा बांधली, खरं वाटत नाही." मी म्हटलं, मला वाटतं.

नातीनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात गेली. तासभर तिनं शिंपले वेचले. ठेवायला काही नव्हतं, म्हणून ते पायच्या रिकाम्या खोक्यात भरले, माझं पूर्ण नाव लिहिलेल्या, आणि मेझव्हिलची सरकी खिशातून काढून त्यातच टाकली.